कुलूप पक्कं आहे, पण दाराबाहेर कोण उभं आहे?

गेल्या सेमिस्टरला पेपरच्या आदल्या रात्री माझ्या रूममेटने मला आरएसए शिकवलं. ती कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आणि मी मास कॉमवाली, गणिताशी दहावीनंतर फारकत घेतलेली. मेसच्या बिलामागे तिने ३ आणि ११ या दोन मूळ संख्या लिहिल्या. गुणाकार ३३. मग म्हणाली, "समज, मला तुला ४ हा आकडा गुपचूप पाठवायचाय. ४ चा घन ६४. त्याला ३३ ने भागलं की बाकी ३१. हा ३१ सगळ्या जगाला दिसू दे. तुझ्याकडची गुप्त किल्ली आहे ७. तू ३१ चा सातवा घात कर, ३३ ने भाग, बाकी बघ." मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर मी ते केलं. बाकी ४! मला खरंच जादू वाटली. तिचा पेपरही मस्त गेला.

त्यानंतर नऊ दिवसांनी तिला एक फोन आला. तिच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, तिचं आधार कार्ड त्यात वापरलं गेलंय, 'पोलिसांशी' बोला. मग व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल, समोर खाकी वर्दी, मागे अशोकस्तंभाचं चिन्ह. खोलीचं दार लावून घ्या, कुणाला सांगायचं नाही, कॅमेरा बंद करायचा नाही. साडेतीन तासांत 'व्हेरिफिकेशन'च्या नावाखाली ३१ हजार रुपये गेले. त्यात तिची परीक्षा फी होती आणि दोन महिन्यांचं भाडं.

मी संध्याकाळी रूमवर आले तेव्हा ती कॉटवर बसून होती. आम्ही १९३० वर फोन केला. नऊ हजार कुठल्या तरी खात्यात होल्ड झाले, बाकीचे पुढे निघून गेले होते. रात्री उशिरा ती म्हणाली, "मला क्रिप्टोग्राफीत ८० पैकी ७१ पडतील बघ. आणि मी हे करून बसले."

तिने मला सांगितलं, नाव नको घालूस, पण लिही. म्हणून हा लेख. कारण तिचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. आपल्या कॉलेजांमध्ये क्रिप्टोग्राफी आणि इन्फर्मेशन सिक्युरिटी शिकवली जाते, म्हणजे नक्की काय शिकवलं जातं? आणि जे शिकायला हवं, ते कुठे सुटतं?

'च'च्या भाषेपासून सुरुवात

लहानपणी तुम्ही 'च'ची भाषा बोलला असालच. पाणी म्हणजे 'चाणीप', घरी म्हणजे 'चरीघ'. मोठ्यांसमोर गुपितं सांगायची ती आपली पहिली क्रिप्टोग्राफी. ती कधी फुटायची? धाकट्या भावाला पद्धत कळली की. एकदा पद्धत कळली की मागची पुढची सगळी गुपितं उघडी.

हाच धडा मराठीच्या इतिहासातही आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ परक्यांपासून जपण्यासाठी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या वापरल्या. एका अक्षराच्या जागी दुसरं चिन्ह, असं त्यांचं तत्त्व. ते ग्रंथ कित्येक शतकं बाहेरच्यांना वाचता येत नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि जुन्या मराठीचा मोठा ठेवा अभ्यासकांसमोर आला. अक्षराला अक्षर बदललं की भाषेच्या सवयी लपत नाहीत. मराठीत 'आहे' सारखं सारखं येणारच. जे चिन्ह वारंवार दिसतं, तिथून धागा सापडतो.

१८८३ मध्ये ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने लष्करी सांकेतिक भाषांबद्दल एक तत्त्व मांडलं. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. आजची सगळी क्रिप्टोग्राफी यावर उभी आहे. तुमच्या फोनमधला एईएस अल्गोरिदम २००१ पासून जगजाहीर आहे, कुणीही डाउनलोड करून वाचावा. कुलपाचं डिझाइन उघड आणि किल्ली तुमच्या खिशात.

पण मग किल्ली दुसऱ्याला द्यायची कशी? शतकानुशतकं हा प्रश्न अडकून होता. आधी गुपचूप भेटा, किल्ली द्या, मग गुप्त बोला. १९७६ मध्ये व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी, ओळख नसलेल्या दोन माणसांना उघड्या रस्त्यावर बोलूनही एक गुपित कसं ठरवता येईल, ते दाखवलं. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांची आरएसए आली. मेसच्या बिलावरची जादू ती हीच. फरक इतकाच की ३३ च्या जागी खऱ्या वापरात २०४८ बिटची संख्या असते, म्हणजे तब्बल ६१७ आकडी. ३३ म्हणजे ३ गुणिले ११ हे तिसरीतलं पोर सांगेल. ६१७ आकडी संख्येचे दोन मूळ अवयव शोधणं आजच्या कॉम्प्युटर्सच्या आवाक्याबाहेर आहे.

जाता जाता एक आपली गोष्ट. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि झटपट तपासणारी पद्धत २००२ मध्ये आयआयटी कानपूरमधून आली. मणींद्र अग्रवाल हे प्राध्यापक, आणि त्यांच्यासोबतचे नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी त्याच वर्षी बीटेक पूर्ण केलं होतं. तुमच्या-माझ्या वयाची पोरं! प्रत्यक्ष सॉफ्टवेअरमध्ये याहून वेगवान, थोड्या शक्यतेवर चालणाऱ्या चाचण्या वापरतात, पण गणिताला कित्येक वर्षं हुलकावणी देणाऱ्या प्रश्नाचं उत्तर बीटेकच्या प्रोजेक्टला जोडून आलं, हे विसरू नका.

कुलूप आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी

आता माझ्या रूममेटकडे परत येऊ. तिला फसवणाऱ्याने कुठलंही कुलूप तोडलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा तो व्हिडिओ कॉल एंड-टू-एंड एनक्रिप्टेड होता. मधल्या कुणालाही तो बघता आला नसता. गणिताने आपलं काम चोख केलं. फक्त दुसऱ्या टोकाला चोर होता.

इन्फर्मेशन सिक्युरिटीच्या पहिल्याच युनिटमध्ये काही शब्द येतात. गोपनीयता म्हणजे तिसऱ्याला कळू नये. अखंडता म्हणजे वाटेत बदल होऊ नये. आणि ऑथेंटिकेशन, म्हणजे समोरचा जो म्हणतोय तो तोच आहे का. परीक्षेत यावर पाच मार्कांची टीप येते. आपण तिन्हीच्या व्याख्या लिहितो आणि पुढे जातो. पण गोपनीयता मिळाली म्हणजे ओळख पटली असं होत नाही, हे व्याख्येतून कळत नाही. कुणीतरी ३१ हजार घालवून शिकतं.

ब्राउझरमधलं ते छोटं कुलपाचं चिन्ह आठवा. आपल्याला वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, कुलूप दिसलं की साइट सुरक्षित. खरं तर ते कुलूप इतकंच सांगतं की तुमच्या आणि त्या पत्त्याच्या मधली वाट बंद आहे. तो पत्ता तुमच्या बँकेचा आहे की बँकेच्या नावात एक अक्षर बदलून घेतलेला, हे ते सांगत नाही. स्वतःच्या मालकीच्या पत्त्यासाठी सर्टिफिकेट कुणालाही फुकट मिळतं, चोरालाही. लोकांचा हा गैरसमज इतका घट्ट होता की २०२३ मध्ये गुगलने क्रोममधून कुलपाचं चिन्हच काढून टाकलं. रिझर्व्ह बँकेनेही देशातल्या बँकांना ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या राखीव पत्त्यावर जायला सांगितलं. हा पत्ता फक्त बँकांनाच मिळतो. म्हणजे कुलूप पुरेसं नाही, दारावरची पाटीही खरी हवी, हे सगळ्यांना पटलंय.

पुण्यातला तो खोटा 'हो'

हे फक्त भाबड्या लोकांचं होतं असं वाटत असेल तर २०१८ चा ऑगस्ट आठवा. पुण्यातल्या कॉसमॉस बँकेतून दोनदा मिळून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. बनावट डेबिट कार्डं घेऊन २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले, आणि दोन दिवसांनी स्विफ्ट यंत्रणेतून जवळपास १४ कोटी हाँगकाँगला वळवले गेले.

ही लूट कशी झाली, ते तुमच्या वर्गात शिकवायला हवं. एटीएममध्ये कार्ड घातलं की मशीन बँकेला विचारतं, "देऊ का पैसे?" बँकेची यंत्रणा खातं तपासते आणि हो किंवा नाही सांगते. हल्लेखोरांनी मालवेअर घुसवून मध्येच एक खोटी यंत्रणा उभी केली. एटीएमचा प्रश्न खऱ्या बँकेपर्यंत पोचलाच नाही, खोट्या यंत्रणेनेच प्रत्येक वेळी 'हो' म्हटलं. कार्डाचं गणित कुणी सोडवलं नाही. 'हो' कोण म्हणतंय, हे नीट तपासलं गेलं नाही, बस्स. माझ्या रूममेटची आणि बँकेची चूक आकड्यात कितीही वेगळी असो, जात एकच.

पासवर्ड मेल करणारं पोर्टल

आता एक प्रयोग करा. तुमच्या कॉलेजच्या किंवा क्लासच्या पोर्टलवर जा आणि 'फरगॉट पासवर्ड' दाबा. नवा पासवर्ड ठेवायची लिंक आली तर ठीक. पण तुमचा जुनाच पासवर्ड जसाच्या तसा मेलवर आला, तर समजा गडबड आहे.

मी ज्या कॉलेजात पदवी केली, तिथे हेच व्हायचं. मला माझा पासवर्ड मेलवर आला तेव्हा मी खूश झाले होते, किती सोपं! नंतर रूममेटने समजावलं. नीट बांधलेल्या यंत्रणेला तुमचा पासवर्ड माहीतच नसतो. तिच्याकडे असतो त्याचा हॅश. पासवर्ड एका बाजूने चक्कीत टाकला की पीठ बाहेर पडतं, पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. तुम्ही लॉगिन करता तेव्हा पुन्हा दळून दोन्ही पिठं जुळतात का ते बघितलं जातं. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळं यावं म्हणून प्रत्येकाच्या दळणात वेगळा चिमूटभर पदार्थ घालतात, त्याला सॉल्ट म्हणतात. जे पोर्टल तुमचा पासवर्ड तुम्हाला मेल करू शकतं, ते तो चोरालाही देऊ शकतं. आणि आपण तोच पासवर्ड जीमेललाही ठेवलेला असतो.

एवढंच नाही. पहिला पासवर्ड म्हणजे जन्मतारीख. स्कॉलरशिपसाठी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक शीट फिरायची. नाव, मोबाइल, आधार क्रमांक, बँक खातं, जात प्रमाणपत्राचा नंबर. प्रत्येकाने आपापली ओळ भरायची आणि बाकी ७० जणांच्या ओळी वाचायच्या. रूममेटला आलेल्या फोनवर समोरच्याने तिच्या आधारचे शेवटचे चार आकडे बरोबर सांगितले होते. तिथेच तिचा विश्वास बसला. ते आकडे कुठून गेले हे कधीच कळणार नाही, पण अशा किती शीट्समध्ये तिने आपली ओळ भरली असेल?

२०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याखाली माहिती नीट न जपणाऱ्या संस्थेला २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होतायत. आपला डेटा जमा करणारी कॉलेजंही यापासून लांब राहू शकणार नाहीत. म्हणजे जिथे सिक्युरिटी शिकवतात, तिथेच ती आधी पाळावी लागणार आहे.

पेपरात काय आणि बाहेर काय

मी ओळखीच्या काही कॉम्प्युटर-आयटीवाल्यांना विचारलं, या विषयाची प्रॅक्टिकल्स कशी होतात? उत्तरं थोड्याफार फरकाने सारखीच. सीझर सायफरचा कोड, प्लेफेअरची पाच बाय पाचची चौकट, डीईएसची आकृती, आरएसएचं गणित. सिनिअरची जर्नल, कॉपी, प्रिंट, सही. व्हायवाला "डीईएसमध्ये राउंड किती?" "सोळा." सुटला.

यातलं काही निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. डीईएसच्या सोळा राउंडपेक्षा त्याच्या मरणाची गोष्ट जास्त शिकवून जाते, इतकंच. १९७७ मध्ये अमेरिकेचं अधिकृत मानक झालेला हा अल्गोरिदम ५६ बिटच्या किल्लीवर चालायचा. तेव्हाही काही जण ओरडत होते की किल्ली लहान आहे. १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनने अडीच लाख डॉलरच्या आत एक मशीन बांधलं आणि तीन दिवसांच्या आत किल्ली शोधून दाखवली. कुलपालाही वय असतं, हा तो धडा.

आणि तो आज लागू आहे. पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर उभा राहिला तर आरएसए टिकणार नाही. म्हणून अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटमलाही पुरून उरतील अशा पद्धतींची पहिली तीन मानकं जाहीर केली. आज चोरून ठेवलेला एनक्रिप्टेड डेटा उद्या उघडता येईल, ही भीती खरी आहे. पुढच्या काही वर्षांत जगभरची कुलपं बदलावी लागतील. ती बदलायला माणसं लागतील, आणि सोळा राउंड पाठ असणं त्यांना पुरणार नाही.

मग आमच्यासारखे आर्ट्स, कॉमर्स, मास कॉमवाले? कागदावर आपल्यासाठीही सोय आहे. यूजीसीने ऑक्टोबर २०२२ मध्ये पदवी आणि पदव्युत्तर पातळीसाठी सायबर सिक्युरिटीचा अभ्यासक्रम दिला. महिन्याचा पहिला बुधवार 'सायबर जागरूकता दिवस' म्हणून पाळायचा असंही ठरलं. माझ्या कॉलेजात तो पाळला जायचा. बॅनर, पाहुणे, 'ओटीपी कुणाला देऊ नका', ग्रुप फोटो, चहा. त्याच पाहुण्यांच्या हजेरीसाठी आम्ही एका कागदावर नाव, मोबाइल, ईमेल आणि सही देऊन आलो!

ओटीपी देऊ नका हे सांगणं म्हणजे उत्तर पाठ करून घेणं. उद्या चोर ओटीपी न मागता दुसरंच काही मागेल, तेव्हा पाठ केलेलं उत्तर कामाला येत नाही. माझ्या रूममेटला कुणी ओटीपी मागितलाच नव्हता. तिने स्वतःच्या हाताने पैसे पाठवले.

माझ्या मते मूलभूत गोष्टी शिकायच्या म्हणजे तीन प्रश्न विचारायची सवय लावायची. मी नक्की काय जपतोय? कुणापासून? आणि समोरचा तोच आहे, हे मी त्याच्या शब्दावर विसंबून न राहता कसं तपासणार? हे प्रश्न सॉफ्टवेअर इंजिनीअरला जितके लागतात तितकेच पत्रकाराला, सीएला, वकिलाला. सूत्र सांगणाऱ्याचं नाव जपणं ही माझ्या धंद्यातली गोपनीयता आहे. आलेला व्हिडिओ खरा की बनावट, हे ऑथेंटिकेशन.

मग आपण काय करायचं?

कॉम्प्युटर-आयटीला असाल तर जर्नलच्या पलीकडे जा. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे क्रिप्टोग्राफीचे कोर्स फुकट आहेत. सरकारच्या व्हर्च्युअल लॅब्सवर प्रयोग करता येतात. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाची पिकोसीटीएफ ही कोडी सोडवायची स्पर्धा नवशिक्यांसाठीच आहे. आणि एक पक्कं लक्षात ठेवा, प्रयोग स्वतःच्या मशीनवर किंवा त्यासाठी दिलेल्या जागेवरच. कॉलेजच्या पोर्टलला परवानगीशिवाय 'टेस्ट' करणं आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भोक सापडलं तर लेखी कळवा.

इतर शाखांना असाल तर ओपन इलेक्टिव्हमध्ये हा विषय मागा. आणि वर्गाच्या ग्रुपवर पुढच्या वेळी उघडी शीट आली की विचारा, हे सगळ्यांना दिसायला कशाला हवं? फॉर्म करा ना. मी विचारलं होतं. दोन दिवस कुणी उत्तर दिलं नाही, मग शीट गायब झाली आणि फॉर्म आला.

फोनवर कुणी पोलीस, बँक, कस्टम्स म्हणालं तर कॉल कट करा आणि त्या संस्थेचा नंबर स्वतः शोधून तुम्ही फोन करा. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लाज बाजूला ठेवून लगेच १९३०. माझ्या रूममेटने लाजेपायी साडेतीन तासांच्या वर आणखी दीड तास घालवला. तेवढ्यात पैसे तीन खाती फिरून गेले होते.

तिचा निकाल लागला. ८० पैकी ७१ नाही, ६८ पडले. परीक्षा फी तिने ट्युशन घेऊन भरली. मागच्या महिन्यात तिने घरी जाऊन एक गोष्ट केली. आई, बाबा, ती आणि धाकटा भाऊ, चौघांनी मिळून एक प्रश्न आणि त्याचं उत्तर ठरवलं. हल्ली एआयने आवाजाची नक्कल होते, म्हणून कुणीही फोनवर घाईने पैसे मागितले की आधी तो प्रश्न विचारायचा. उत्तर कुठेही लिहायचं नाही. परवा तिने बाबांना फोन करून मेसचे पैसे मागितले. पलीकडून थोडा वेळ शांतता, मग बाबांनी तो प्रश्न विचारला. ती खो खो हसली आणि उत्तर दिलं. पैसे आले.

तुमच्या घरी असा प्रश्न ठरलाय का?